कृष्ण काढायचा आहे

“मला कृष्ण काढायचाय,” बाई दारातूनच म्हणाली.

रविवारची सकाळ होती, वैशाखाचा उकाडा होता, आणि छापखान्याच्या हेमचंद्रशेठच्या सांगण्यावरून मी ध्रुवबाळाचा मुकुट तिसऱ्यांदा पुसून चौथ्यांदा रंगवत होतो. मान वर न करता मी सांगितलं की खासगी कामं मी घेत नाही, आणि घ्यायचंच झालं तर कृष्ण गायीसकट हवा की गायीवाचून, ते आधी कळलं पाहिजे.

“गाय राहिली तरी चालंल,” ती म्हणाली. “कृष्ण तेवढा काढायचा.”

मला वाटलं, बाईच्या लक्षात आलं नाही. गाय हवी असेल तर वेळ जास्त लागेल, गायीचे मागचे पाय भल्याभल्यांना जमत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग काखेतल्या उशीच्या खोळीतून एक काचेची चौकट बाहेर घेतली आणि माझ्याकडे तोंड करून धरली. माझंच जुनं कॅलेंडर होतं ते. पाटावर बसलेला बाळकृष्ण, मागे गाय, वर शिंक्यात लोण्याचं मडकं.

“ह्यातला,” ती म्हणाली. “ह्यातला कृष्ण काढायचा.”

पंचवीस वर्षं मी देव काढून पोट भरतोय. गिऱ्हाईक येतं, लक्ष्मी काढा म्हणतं, मी काढतो. पायातला काटाही काढतात आणि घरातला केरही काढतात, हे ठाऊक असूनही तो शब्द माझ्या दारात येऊन कुणी मला असा उलटा लावला नव्हता. मी ब्रश पाण्यात टाकला आणि आत येऊन नीट काय ते सांगा म्हटलं. ती म्हणाली, नको, इथंच बरं आहे. उंबऱ्याबाहेर उभी राहिली ती राहिलीच.

माझं आडनाव धैर्यवान. ज्या पूर्वजानं ते मिळवलं, तो पुढच्या सगळ्या पिढ्यांचा धीर एकटाच वापरून गेला असावा, असं माझी बायको दुर्गा म्हणते. तिचं खरं आहे. मला राग लवकर येतो आणि माझा धंदाही राग यावा असाच आहे. ठाकुरद्वारच्या या दुसऱ्या मजल्यावर बसून मी कॅलेंडरांसाठी देव रंगवतो, हेमचंद्रशेठ रे रोडच्या त्याच्या छापखान्यात ते छापतो, आणि छत्रीवाल्यांपासून हिंगवाल्यांपर्यंत सगळे खाली आपली नावं घालून ते वाटतात. शेठला ओठ लाल हवे असतात, दागिने जास्त हवे असतात आणि मागचा डोंगर नको असतो, कारण डोंगराला कुणी नमस्कार करत नाही. चित्रशाळेत शिकलेलं झाड, पाणी, ऊन हे सगळं मी आता देवाच्या पाठीमागे हातभर जागेत उरकतो. आमच्या धंद्यात कातड्याही दोनच, गोरी नाहीतर निळी.

तरी माझ्या नावावर एक गोष्ट जमा आहे. माझं बाळ. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी एका लहान पोराला समोर बसवून पेन्सिलनं एक चेहरा काढला होता. डोळे जरासे वर, डाव्या कोपऱ्याकडे लागलेले, ओठ बोलता बोलता थांबल्यासारखे. बाळकृष्ण छापून आला आणि लोक म्हणाले, काय भाव आहे, लोण्याकडे कसा बघतोय बघा लबाड. शेठनं तेव्हापासून मला दुसरा चेहरा काढूच दिला नाही. म्हणून मी त्याचा खाका करून ठेवला. रेखाटनाच्या रेषांवर सुईनं बारीक भोकं पाडायची, तो कागद नव्या कॅनव्हासवर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. खाली ठिपके उतरतात, ठिपके जोडले की तोच चेहरा पुन्हा हजर. पंधरा वर्षांत त्या खाक्यातून माझे कितीतरी बाळदेव निघाले. डोळे सगळ्यांचे त्याच कोपऱ्याकडे लागलेले, त्यामुळे मी फक्त तिथला ऐवज बदलत गेलो. कृष्णाला मडकं, प्रल्हादाला फुटणारा खांब, ध्रुवाला तारा. गेल्या निवडणुकीत समितीची मंडळी आली, भिंतींवर चिकटवायला महाराष्ट्रमाता हवी म्हणाली आणि तिच्याकडे झेपावणारी मुंबई. तीन दिवसांत हवी. मी खाका आपटला, मुंबईला हिरवं परकर-पोलकं घातलं आणि कोपऱ्यात आईचा चेहरा बसवला. खाली सही ठोकली, धैर्यवान, ठाकुरद्वार.

बाई ती सही वाचूनच आली होती. म्हणजे वाचून घेतली होती पुतण्याकडून, परळच्या नाक्यावर, भिंतीशी उभी राहून. पोरीचा चेहरा तिनं आधीच ओळखला होता.

“माझी मालन ती,” ती म्हणाली. “तुमी राणीच्या बागेत भेटला होता.”

मग मला आठवलं. राणीच्या बागेत मी मोर काढायला जात असे. मोर हा अत्यंत उर्मट पक्षी आहे, तासभर पिसारा मिटून बसतो आणि आपण वही मिटली की उघडतो. त्या दिवशी असाच वही मिटून चरफडत होतो, तेव्हा जाळीला नाक लावून मोराला काहीतरी समजावणारी एक दोन-अडीच वर्षांची मुलगी दिसली. तिची आई परळच्या एका गिरणीत रिळांवर कामाला होती, सुट्टीचं पोरीला जनावरं दाखवायला आणलं होतं. दोन रविवार पोरीला माझ्या घरी घेऊन ये, असं मी तेव्हा त्या आईला म्हणालो होतो. तेव्हा मी तिला अगं म्हणत होतो. आता दारात पांढरं लुगडं नेसून उभी होती, केस अर्धे पिकलेले, आणि माझ्या तोंडून आपोआप अहो येत होतं.

तिचं नाव शेवंती. तिचं म्हणणं थोडक्यात असं. डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप दिला, तिथंच तिनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पांढरं लुगडं तेव्हापासूनचं. राम-कृष्णांना देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, अशी शपथ घेतली. आता चाळीच्या कमिटीनं ठरवलंय की बुद्धपौर्णिमेच्या आत एकाही खोलीत देवाचा फोटो राहता कामा नये. तिला ते पूर्ण मान्य आहे. फक्त तिच्या भिंतीवर मालन आहे आणि तिच्या अंगावर माझा कृष्ण बसलाय. तो मी बसवलाय, तर मीच काढावा.

मी नाही म्हणालो. वर चिडूनही बोललो. छापलेल्या कागदावर असं काही करता येत नसतं, कागदावर वार्निश आहे, रंग धरणार नाही, आणि कृष्ण म्हणजे काय अंगरखा आहे, बटणं सोडून उतरवायला? मोरपीस काढलं, मुकुट काढला, तर खाली जे उरेल ते निळं पोर असेल. बाई सगळं ऐकत होती. मग तिनं चौकट खोळीत घातली आणि पुढच्या रविवारी येते म्हणाली, जणू मी दोन दिवसांची मुदत मागितली होती.

पुढच्या रविवारी ती पुतण्याला घेऊन आली. रामदास त्याचं नाव, गोदीत कारकून, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि कमिटीचा चिटणीस तोच. हा तरी सरळ बोलेल असं मला वाटलं. पण तो माझ्याहून वैतागलेला होता. काकूला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, म्हणाला. चाळीत एका खोलीला सूट दिली की उद्या दहा जण उभे राहतील, एक म्हणेल आमचा मारुती म्हणजे आमचा मामा, दुसरा म्हणेल आमची लक्ष्मी म्हणजे आमची आत्या. आणि काकू शपथेवर बोट ठेवून वकिलासारखी भांडते. मी ह्याला देव मानत नाय, म्हणते, कारण हा देवच नाय, आणि मुलगा पण नाय. तिच्या कलमात चूक सापडत नव्हती, हेच त्याचं दुखणं होतं. शेवटी त्यानंच तोड काढली होती की चित्रात कृष्ण दिसला नाही म्हणजे झालं. म्हणून ते काम आता माझ्या डोक्यावर.

दुर्गा आतून ऐकत होती. देव पुसायचा म्हटल्यावर ती बाहेर आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, असलं पाप या घरात नको, हात झडतील. मी म्हटलं, हेमचंद्रशेठच्या सांगण्यावरून मी आठवड्याला चार देव पुसतो, माझे हात अजून शाबूत आहेत. त्यावर ती फणकारून आत गेली. थोड्या वेळानं मात्र तिनं स्वतः जिन्यावर खुर्ची नेऊन ठेवली. बाई बसली नाही, रामदास बसला.

मी तडजोड सुचवली. खाका आहेच, मी मालनचं नवंकोरं चित्र काढून देतो, कृष्णाचा वारासुद्धा नसलेलं. कपाटातून खाका काढून मी तिला दाखवला. पंधरा वर्षं कोळसा खाऊन तो काळा ठिक्कर पडला होता, पेन्सिलच्या रेषा केव्हाच पुसल्या होत्या, नुसती भोकं राहिली होती. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

“ही चाळण झाली,” ती म्हणाली. “नवीन तुमी मनानं काढाल. हे तिला समोर बसवून काढलंय.”

मी म्हटलं, तुमच्याकडे तिचा फोटो असेलच की एखादा. नव्हता. त्याच वर्षी दिवाळीनंतर मालन घटसर्पानं गेली होती. त्यानंतर मूल झालं नाही. आणि मी शेवंतीबाईंना बेचाळीस साली कबूल केलं होतं की पोरीचं चित्र देईन. जानेवारीत छापखान्यातून गुंडाळी आली, घरी उघडली, तर आत कृष्ण.

“ते आलं तेव्हा ती नव्हती,” शेवंतीबाई म्हणाल्या. “म्हणून ठेवलं. नायतर परत आणून दिलं असतं तेव्हाच. तुमी माझ्या मुलीचं म्हणाला होता.”

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं. राग आला की मी ओरडतो, आणि लाज वाटली की त्याहून मोठ्यानं ओरडतो. मी ओरडलो की तुम्हाला चाळीतली बाकीची चित्रं दिसली नाहीत का, प्रत्येक घरात माझं बाळ टांगलेलं असेल, त्या सगळ्यांचं काय केलंत?

“काढली,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांच्या घरातले फोटो काढले तेव्हा मी पण होते मदतीला. कमळाबाईकडं ती प्रल्हाद होती. सुंदराबाईकडं ध्रुव. वरच्या मजल्यावर अजून दोन घरांत. मी माझ्या हातानं तिला भिंतीवरनं उतरवली. शपथ ती शपथ. पण माझ्या घरातली तेवढी राहू द्या.”

रामदास खुर्चीवरून उठून जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, चौकट ठेवून जा. त्या म्हणाल्या, ठेवणार नाय, समोर करा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी या म्हटलं.

त्या दिवशी त्या सकाळीच आल्या, एकट्या. हेमचंद्रशेठचा माणूस ध्रुवासाठी दोनदा येऊन गेला होता. ध्रुवाचा तारा अजून काढायचा होता. शेठचा निरोप होता की तारा मोठा काढा, दिवाळीचा माल आहे. मी ध्रुवाला भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि काच काढून कॅलेंडर चित्राच्या लाकडी पाटीवर टाचलं. काचेवर बाहेरून कुंकवाचा एक डाग होता. सासूनं लावलेलं, असं शेवंतीबाईंनी न विचारताच सांगितलं.

वार्निशच्या गुळगुळीत कागदावर रंग धरावा म्हणून ब्रश आधी साबणावर फिरवावा लागतो. पहिलं मोरपीस गेलं. ते मला जड गेलं, कारण चेहरा सोडला तर चित्रातलं तेवढं एकच समोर बघून काढलेलं होतं, बागेतल्या त्या उर्मट मोराच्या मागे महिनाभर घालवून. मग मुकुट, मग हार, मग बाजूबंद. अंगावर काय घालू विचारलं तर उंबऱ्यावरून उत्तर आलं, लाल ठिपक्यांचं झबलं. मी ठिपके घातले. एवढे मोठे नव्हते, म्हणाल्या. मी ते पुसून बारीक घातले. हेमचंद्रशेठ परवडला असं मनात आलं.

मग कातडी. मी सवयीनं पांढरा घेतला, त्यात पिवळा, चिमूटभर लाल, आणि गालावर एक हात दिला.

“ही कोण?” शेवंतीबाईंनी विचारलं.

मी त्यात मातकट तांबडा मिसळला. अजून, त्या म्हणाल्या. आणखी मिसळला. अजून. मी वैतागून म्हटलं, बाई, अजून किती? तर त्यांनी बांगड्या मागे सारून आपला हात पुढे केला, आतल्या बाजूनं नाही, बाहेरच्या. मी त्या हाताकडे बघून रंग कालवायला लागलो. तो रंग माझ्या एकाही बाटलीत तयार नव्हता. पंचवीस वर्षं मी माणसांच्या शहरात राहून गोरी आणि निळी दोनच माणसं रंगवत होतो, याची मला त्या वेळी स्वतःचीच चीड आली. पाच-सहा वेळा कालवल्यावर त्या गप्प राहिल्या, तेव्हा कळलं की जमलं.

चेहऱ्यावर हात देताना डोळ्यांना मी शिवलो नाही. ते छापलेलेच ठेवले. निळा जसजसा गेला तसतशी एक मुलगी वर आली, आणि मी मधेच दुर्गाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “अगंबाई, ही तर तीच.” तिला आठवत होती. मला एकट्यालाच आठवायला रंग लागला.

हातात लोण्याचा गोळा होता. लोणी काढू की राहू दे, मी विचारलं.

“लोणी नव्हतं ते,” शेवंतीबाई म्हणाल्या. “नानकटाई होती. तुमच्या आईनं दिली होती. वरनं टाकली होती हातात.”

मला नानकटाई अजिबात आठवत नव्हती. लोणी मात्र पक्कं आठवत होतं. दुर्गानं मान खाली घातली आणि आत निघून गेली. मी नानकटाई काढली, कडेला थोडी खाल्लेली, आणि त्यावर कुणी काही हरकत घेतली नाही.

राहिला कोपरा. शिंकं गेलं, मडकं गेलं, दोरी गेली, मागे नुसता भिंतीचा रंग उरला. आता तिथं काय काढू, मी विचारलं. काही काढू नका, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, असं कसं, पोर एवढे डोळे लावून बघतेय आणि समोर काहीच नाही, बघणारा विचारील ना. मडकं नको तर पाखरू काढतो. मोर काढतो, तिला आवडला होता मोर.

“मोराकडं नव्हती बघत ती.”

“मग कशाकडे?”

“मी इथं उभी होते,” शेवंतीबाई म्हणाल्या.

मी पाटीवरून मान वर केली. पोरीला बसवलं होतं तो खिडकीखालचा पाट तिथंच होता, पंधरा वर्षांत मी तो हलवला नव्हता, कारण उजेड तिथंच चांगला पडतो. पाटावर बसलेल्या मुलानं चित्रातल्या त्या कोपऱ्याच्या अंगाला, जरासं वर बघितलं, तर नजर सरळ दाराला जाते. उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाला. पोर लहान आहे, देवाचं काम आहे, ती आत आली तर चालेल, असं माझी आई म्हणाली होती. पोरीच्या आईनं मात्र बाहेर थांबायचं. दोन रविवार, सकाळपासून दुपारपर्यंत. मी ते ऐकलं होतं आणि पेन्सिलला टोक काढत बसलो होतो, कारण मला उजेड जायच्या आत चेहरा हवा होता. आई पाचच पावलांवर आहे आणि आत का येत नाही, एवढंच ती पोर विचारत होती, आणि मी ते भक्ती म्हणून विकलं. कधी त्यापुढे मडकं टांगलं, कधी खांब, कधी तारा, आणि परवाच मुंबईला तिच्या आईकडे जाऊ द्या म्हणून गिरणगावाच्या भिंतीभर चिकटवलं.

मी तिथं काही काढलं नाही. ब्रश धुतला, हात पुसले आणि दाराशी गेलो. माझी आई जाऊन आठ वर्षं झाली, या घरात आता असलं कुणी काही पाळत नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि ते न सांगता नुसतं म्हटलं, “शेवंतीबाई, आत या. रंग वाळायला वेळ आहे. आत येऊन बसा.”

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पाटीकडे बघत होत्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “मी आत आले तर ती कुठं बघंल?”

रंग वाळायला तासभर लागला. तोवर मीही बसलो नाही.